स्वयंपाकघरातला लागलेला दिवा

ताई, सप्रेम नमस्कार.

हिवाळा आला की मी आतून विझल्यासारखी होते. पहाटे 5 ला उठते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो. थोरली 11 वर्षांची, धाकटा 6 वर्षांचा. त्यांचे डबे, आंघोळीचं पाणी, सासूबाईंची औषधं. सासूबाई 76 वर्षांच्या आहेत, थंडीत त्यांचे गुडघे धरतात आणि गेला महिनाभर त्या रात्ररात्र खोकताहेत. नवरा दुसऱ्या पाळीला, रात्री साडेअकराला घरी येतो. आमचं बोलणं फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून चालतं. धाकटा साडेचारच्या सुमारास माझ्या अंथरुणात शिरतो आणि बर्फासारखे पाय माझ्या पोटाला लावतो, उरलेली अर्ध्या तासाची झोपही जाते. सासूबाई रोज माझ्याआधी उठून स्वयंपाकघरातला दिवा लावतात आणि पुन्हा जाऊन पडतात. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत, उगाच वीज जळते. देवापुढे हात जोडते तेव्हा डोक्यात पुढची कामं असतात. मैत्रिणीनं सुचवलं म्हणून कृतज्ञतेची वही केली, रोज रात्री तीन गोष्टी लिहायच्या. दहाव्या दिवशी लक्षात आलं, रोज तेच लिहितेय: आरोग्य, मुलं, घर. वही बंद केली. आमचं सगळं चांगलं चाललंय, तक्रार करायला जागा नाही, तरी मनातून आभार उमटत नाहीत. माझी श्रद्धा गेली का? मी कृतघ्न आहे का?

— एक वाचक

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुमचा थकवा दिसला. दुसऱ्यांदा, स्वतःला किती बोल लावून घेताय ते दिसलं. तिसऱ्यांदा मी एका वाक्यापाशी थांबले. ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलं आहे. त्या वाक्याकडे येतेच, पण आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो उशाशी घेऊन तुम्ही झोपत असाल असं मला वाटतं.

तुम्ही कृतघ्न नाही. 'कृतज्ञ' या शब्दाची जरा फोड करून बघा. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. सर्वज्ञमधला ज्ञ तोच. आपल्यासाठी कुणी काय केलं हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. ऊर भरून यायला हवा, डोळे पाणावायला हवेत, असं त्या शब्दात कुठेही नाही. ठाऊक असलं की झालं. आणि ठाऊक व्हायचं तर आधी दिसायला हवं. पहाटेच्या अंधारात, अर्धवट झोपेत, घड्याळाच्या काट्याशी झुंजताना माणसाला किती दिसणार? म्हणून मला तुमच्या मनाची काळजी कमी वाटते आणि तुमच्या झोपेची जास्त.

वही बंद केलीत ते बरंच केलंत. तुमच्या मैत्रिणीनं चांगल्या मनानं सुचवलं, पण रोज रात्री लिहायचं हे कुणी ठरवलं कोण जाणे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा या विषयावरचा गाजलेला अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या पहिल्या प्रयोगात माणसं आठवड्यातून एकदाच लिहीत होती, 10 आठवडे. आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य एकंदरीत जास्त बरं वाटत होतं, कटकटी लिहिणाऱ्यांना तेवढं नाही. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 6 आठवडे एका गटाला आठवड्यातून एकदा लिहायला लावलं आणि दुसऱ्याला तीनदा. एकदा लिहिणाऱ्यांना फरक जाणवला, तीनदा लिहिणाऱ्यांना जाणवला नाही. तुम्ही तर रोज लिहीत होता, तेही दिवसाचं सगळं बळ संपल्यावर. दहा दिवस टिकलात हेच खूप.

परत लिहावंसं वाटलं तर रविवारी दुपारी लिहा, खिडकीतून उजेड येत असताना. एकच गोष्ट, पण अर्धं पान. आरोग्य, मुलं, घर ही नुसती मथळ्यांची नावं झाली, त्यांच्याखाली काहीच लिहिलेलं नाही. 'मुलं' लिहिण्याऐवजी असं लिहा, की गुरुवारी संध्याकाळी थोरली दारात गुडघ्यावर बसून धाकट्याच्या बुटाची नाडी बांधत होती, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बांधताना तिची जीभ ओठांवर आली होती, आणि तो तिच्या डोक्यावर हात टेकून एका पायावर उभा होता. कुणी, केव्हा, कसं, हे लिहिलं की पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा लिहिता येत नाही. एखाद्या रविवारी काही सुचलं नाही तर पान कोरं राहू द्या.

आता हिवाळ्याबद्दल. मीही पहाटे उठणारी आहे, त्यामुळे विझल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला कळतं. मला एका गोष्टीनं फार आधार दिला, ती तुम्हालाही सांगते. थंडीत सूर्य लांब जातो अशी लहानपणी माझी समजूत होती. वस्तुस्थिती उलटी आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. जुलैमध्ये असते त्यापेक्षा सुमारे 50 लाख किलोमीटर जवळ. उत्तर गोलार्धात तेव्हा थंडी असते, कारण पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, आपली बाजू तेव्हा पलीकडे झुकलेली असते, ऊन तिरपं पडतं आणि थोडाच वेळ राहतं. ऊब देणारा जवळ आलेला असतो आणि आपण मात्र गारठलेले असतो.

आणखी एक गंमत बघा. सगळ्यांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरला होऊन जातो. तिथून दिवस मोठा व्हायला लागतो, पण सूर्योदय मात्र जानेवारी लागला तरी काही दिवस आणखी उशिराच होत राहतो. वाढलेली मिनिटं आधी संध्याकाळच्या पदरात पडतात. म्हणजे ज्या बाईचा सगळा हिवाळा पहाटे 5 वाजता घडतो, तिला दिवस मोठा होऊ लागल्याचं सगळ्यांत शेवटी कळतं. तिची काही चूक नसते, ती ज्या खिडकीपाशी उभी आहे तिथून ते दिसत नाही एवढंच. तुमच्या घरातही तुम्हाला न दिसणारी एक बाजू आहे असं मला तुमचं पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं. रात्री साडेअकराला थंडीतून येऊन, कुणी जागं होऊ नये म्हणून दबक्या पावलांनी चालणाऱ्या माणसाची बाजू. तो दबक्या पावलांनी चालतो की नाही मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नसेल, तुम्ही तेव्हा झोपलेल्या असता.

हिवाळ्यात मन उतरण्याला शरीराचंही कारण असतं, हे कृपा करून लक्षात घ्या. दरवर्षी ठरावीक ऋतूत येणाऱ्या नैराश्याचं वर्णन नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली केलं, आणि त्यावर सकाळी खास दिव्याच्या प्रखर प्रकाशाचा उपचार आजही वापरला जातो, साधारण 10,000 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), रोज अर्धा तास. घरातल्या दिव्यांचा उजेड याच्या जवळपासही जात नाही. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यांहून कितीतरी जास्त असतो. म्हणून मुलं शाळेत गेली की आवराआवर तशीच टाका आणि अर्धा तास बाहेर पडा. भांडी कुठे पळून जात नाहीत. आणि उदासपणा रोज, दिवसभर, दोन आठवड्यांच्या वर टिकला, कशातच रस वाटेनासा झाला, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटायला लागलं तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा. या आजारावर औषध आहे. श्रद्धा कमी पडली म्हणून तो होत नाही आणि श्रद्धा वाढवून तो बरा करायचाही नसतो. सासूबाईंचा महिनाभराचा खोकलाही थंडीचाच आहे असं धरून बसू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला तपासून घ्यायलाच हवा.

श्रद्धा गेली का, असं तुम्ही विचारलंत.

मराठीत श्रद्धा 'ठेवतात'. देवावर श्रद्धा ठेवली, माणसावर विश्वास ठेवला. हे क्रियापद मला फार आवडतं, कारण ठेवणं हे हातानं करायचं काम आहे, मनाला काही वाटो वा न वाटो. तुम्ही रोज हात जोडताच ना? मनात डबे आणि गिझर असला तरी हात जोडलेले आहेत. मदर तेरेसांचा मृत्यू 1997 साली झाला आणि दहा वर्षांनी, 2007 मध्ये, त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली. देव जवळ असल्याचं आपल्याला जाणवत नाही, हे त्या कित्येक दशकं लिहीत होत्या असं त्यातून जगाला कळलं. त्या सगळ्या वर्षांत त्या पहाटे उठून प्रार्थना करत होत्या आणि आजाऱ्यांची सेवा करत होत्या. मी त्यांच्याशी तुमची किंवा माझी तुलना करत नाही. एवढंच म्हणते, की आत काही वाटेनासं झालं म्हणजे श्रद्धा संपली, हा हिशेब खरा नाही.

तुमचा धाकटा साडेचारला अंधारात उठतो आणि सरळ तुमच्याकडे येतो. गार पाय लावताना तो विचारत नाही, लावू का म्हणून. आईचं पोट गरम असणार, आई ढकलून देणार नाही, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. तो आभारही मानत नाही, झोपून जातो. तुमची झोप जाते हे खरंच आहे, त्याला झोपताना मोजे घाला. पण श्रद्धा कशी दिसते हे कुणाला दाखवायचं झालं, तर मी त्या दोन पायांकडे बोट दाखवीन. तुम्ही देवापुढे उभ्या राहता तेव्हा तशाच उभ्या राहा, गार पाय घेऊन. 'आज माझ्याकडे काही नाही, मी दमले आहे' एवढंच म्हटलंत तरी ती प्रार्थनाच झाली, आणि पाठ केलेल्या पंचवीस ओळींपेक्षा ती जास्त खरी होईल.

'तक्रार करायला जागा नाही' हे तुमचं वाक्य मात्र मला पटलं नाही. तक्रार करायला जागा आहे. तुकोबा प्रत्यक्ष विठ्ठलाशी भांडले, त्याला वाटेल ते बोलले, आणि कुणी त्यांना अश्रद्ध म्हणत नाही. कृतज्ञतेचं पांघरूण घालून थकवा झाकला की तो आतल्या आत नासतो. मग आभारही खोटे वाटू लागतात, तुमचं नेमकं तेच झालं आहे. त्यामुळे सगळ्यात आधी काम वाटा. 11 वर्षांच्या मुलीला आपलं आणि भावाचं दप्तर रात्रीच भरून ठेवता येतं, गणवेश खुर्चीवर काढून ठेवता येतो. सासूबाईंच्या आठवडाभराच्या गोळ्या वारांच्या डबीत एकदाच भरून ठेवा, घ्यायच्या त्या त्यांच्या त्या घेतील. आणि आठवड्यातल्या दोन पहाटा नवऱ्याच्या. तोही उशिरा झोपतो, मान्य आहे. म्हणून दोनच म्हणतेय. ही गोष्ट चिठ्ठीतून सांगू नका. सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून सांगा. त्या दोन दिवशी मधे पडून दुरुस्त्या करायच्या नाहीत, डबा कसाही भरलेला असो. दोन पहाटा पुरेशी झोप झाली की तुम्हाला बरंच काही दिसू लागेल, याची मला खात्री आहे.

आता ते वाक्य.

'सासूबाई रोज माझ्याआधी उठून स्वयंपाकघरातला दिवा लावतात आणि पुन्हा जाऊन पडतात.'

हे तुम्हीच लिहिलेलं आहे, पण एकदा परक्याचं म्हणून वाचून बघा. 76 वर्षांची बाई. थंडीनं धरलेले गुडघे. रात्रभर खोकून पहाटे कुठे जरा डोळा लागला असेल तेव्हाच ती उठते. अंथरुणातून पाय गार फरशीवर टेकवते, भिंतीच्या आधारानं स्वयंपाकघरापर्यंत जाते, बटण दाबते आणि परत येऊन पडते. तिला तिथे काहीच करायचं नसतं. पाणी प्यायचं नसतं, औषध घ्यायचं नसतं. तुम्ही वीज जळते म्हणून सांगूनही ती ऐकत नाही. का?

मला वाटतं, तुम्हाला अंधाऱ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकावं लागू नये म्हणून. कुणे एके काळी त्याही अशाच पहाटे, अशाच थंडीत, एकट्या उठत असतील आणि तेव्हा त्यांच्यासाठी कुणी दिवा लावत नसेल. आता त्यांच्या हातून तुमचं काम होत नाही, डबे होत नाहीत. एक बटण दाबणं होतं, तेवढं त्या करतात. माझा अंदाज चुकीचाही असेल. कदाचित जुनी सवय असेल, कदाचित झोप येत नाही म्हणून उठत असतील. पण विचारल्याशिवाय कळायचं नाही, आणि इतके दिवस तुम्ही दिवा बंद करायला सांगितलंत, का लावता हे विचारलेलं दिसत नाही.

हे तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. मला माझ्याच घरातली अशी गोष्ट कळायला तीस वर्षं लागली. आम्ही लहान असताना हिवाळ्यात शाळेला निघायच्या वेळी आमचे मोजे नेहमी ऊबदार असायचे. मला वाटायचं मोजे असेच असतात. पुढे मी माझ्या मुलीच्या पायात पहिल्यांदा गार मोजे चढवले, ती कळवळली, आणि मी आईला फोन करून विचारलं, आमचे मोजे गरम कसे असायचे गं? आई म्हणाली, तुझे बाबा ते रात्री पोटाशी घेऊन झोपायचे. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. हातातला मोजा तसाच धरून मी बराच वेळ बसून राहिले. आभार मानायला समोर कुणी नव्हतं. तेव्हापासून मी आठवडे मोजत बसत नाही, काही दिसलं की त्याच दिवशी बोलते.

बोलायचं कसं, हा आपल्या घरांतला मोठा पेच आहे. 'धन्यवाद' हा शब्द सभेतला, व्यासपीठावरचा. सासूबाईंना धन्यवाद म्हणालात तर त्या दचकतील, किंवा म्हणतील, मी काय परकी आहे का? मराठी घरात आभार मानले की माणूस लांब ढकलल्यासारखं होतं, म्हणून आपण मानतच नाही आणि मग वर्षानुवर्षं काहीच बोलत नाही. माझ्या मते शब्दाची गरजच नाही. जे पाहिलं तेवढं सांगायचं. 'आई, आज दिवा लागलेला होता, बरं वाटलं.' 'काल रात्री तू दार किती हळू लावलंस, मला कळलं.' कळलं, दिसलं, बरं वाटलं. आपल्या भाषेत आभार असेच मानतात, आणि समोरच्याला ते बरोबर पोचतात.

संकोच वाटेल. अमित कुमार आणि निकोलस एपली या संशोधकांनी 2018 साली नेमकं हेच तपासलं होतं. त्यांनी लोकांना आपल्या माणसाला आभाराचं पत्र लिहायला सांगितलं आणि समोरच्याला ते कसं वाटेल याचा अंदाज विचारला. वाचणाऱ्याला किती अवघडल्यासारखं होईल, हे लिहिणाऱ्यांनी फार वाढवून सांगितलं आणि त्याला किती आनंद होईल, हे फार कमी धरलं. म्हणून तुमच्या संकोचावर फारसा विश्वास ठेवू नका.

उद्या पहाटे उठाल तेव्हा दिवा लागलेलाच असेल. सकाळच्या घाईत नको, पण दुपारी ऊन असेल तिथे सासूबाईंची खुर्ची ठेवा, शेजारी बसा, आणि सहज विचारा, 'आई, तुम्ही इतक्या थंडीत उठून दिवा का लावता?' एवढंच विचारा आणि मग त्यांना बोलू द्या.

त्या काय म्हणाल्या, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई